काठीचं दुसरं टोक

—नाही, हसू नका मावशी, आज हसण्यावारी नेऊ नका. मी खरंच काहीतरी सांगतेय. माझं बोलणं तुम्हाला कळत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर मी तुमच्याशी एवढी बोलते— पण आज कळायला हवं होतं. नेमकं आजच. थांबा, तो शेक घसरतोय खांद्यावरून, मी धरते. हां. आता बसा. काठी राहू द्या मांडीवर, आपल्याला वेळ आहे अजून. अक्का आत फोनवर आहेत. दिव्यश्री अक्का हो, दुसरं कोण— तुमचा खांदा, माझं कोपर आणि अर्ध्या के. आर. पुरमचे गुडघे ज्यांच्या हातात आहेत त्या. पडद्यापलीकडे बोलतायत, ऐकू येतंय नं? तुम्हाला नुसतं ऐकू येतंय. मला कळतंय. तीच तर पंचाईत झाली आहे.

कन्नड मला येतं हे इथे कोणालाच माहीत नाही. म्हणजे बोलता येत नाही— बोलता मला कुठलीच भाषा धड येत नाही, ते सोडा— पण कळतं. वर्ष होईल नागपूरहून येऊन. गप्प बसणाऱ्या माणसाला भाषा लवकर कळते, कारण त्याला दुसरं कामच नसतं. शाळेत हजेरी घेताना माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही, दोनदा तर वर्गात असून गैरहजर लागले आहे. ‘आश्लेषा आलीच नाही का?’ असं बाई विचारतात आणि मी पहिल्या बाकावर! तुम्ही हसलात. कशाला हसलात? माझा चेहरा बघून हसलात. हरकत नाही, कोणीतरी हसलं हेही काही कमी नाही.

तर अक्का काय म्हणाल्या ते सांगते. मघाशी गंगव्वा तुमच्या खांद्यावर शेक ठेवून आत गेली नं, तेव्हा अक्का तिला म्हणाल्या की अव्वाचं काही खरं नाही. अव्वा म्हणजे तुम्ही. तुमचं नाव अवातिफ, पण गंगव्वाची जीभ तेवढी लांब जात नाही, ती अर्ध्यातच थांबते, आणि तिच्याकडे आईला अव्वाच म्हणतात, त्यामुळे तिला ते सोयीचंही पडतं. तर— अव्वा इतके दिवस येते, एक दिवस चुकवत नाही, सगळं मन लावून करते, आणि हात काही कानाच्या वर जात नाही. म्हणाल्या, माझंच काही चुकतंय बहुतेक. असं म्हणाल्या हो! गंगव्वा म्हणाली, ‘तुमचं कसं चुकेल अक्का, हाडच तसलं असेल.’ मग अक्कांनी फोन लावला मोठ्या हॉस्पिटलात. आज शेवटचं बघते म्हणाल्या, आज वर गेला नाही तर सोमवारी पाठवते. तिथे काय करतात ठाऊक आहे? भूल देतात. बेशुद्ध करतात, आणि मग डॉक्टर तो आखडलेला खांदा जोर लावून फिरवतात. मोकळा करतात म्हणे. आता ज्याचा खांदा आखडलाय त्याचा करतील मोकळा. पण तुमचा—

मावशी, तुमचा खांदा बरा झालेला आहे.

असं इकडे तिकडे बघू नका, कोणी ऐकत नाही. ऐकलं तरी मराठी इथे कोणाला कळतंय. मला कशावरून कळलं सांगू? तुमच्या ह्या कापडावरून. तोब म्हणतात नं ह्याला? तुमच्या मुलाने अक्कांना सांगितलं होतं तेव्हा मी ऐकलं. पहिल्यांदा तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, ह्या बाई साडी कुठल्या पद्धतीची नेसल्यात, आमच्या आत्याच्या नऊवारीएवढी लांब, पण डोक्यावरून, आणि निऱ्याच नाहीत. तेव्हा पदर घसरला की तुम्ही नुसत्या बसून राहायचात. मुलगा यायचा, उचलून तुमच्या खांद्यावर टाकायचा, आणि तुम्ही दुसरीकडे बघायचात. मला ते बघवायचं नाही. आईच्या डोक्यावरचा पदर मुलाने सारखा करायचा— त्यालाही लाज, तुम्हालाही लाज. मग त्याचं कॉलेज का नोकरी काहीतरी सुरू झालं, तुम्ही एकट्या बसने येऊ लागलात. आणि एके दिवशी मी इथे शेकायच्या गरम मेणात कोपर घालून बसले होते, अक्का त्या लकवावाल्या आजोबांना चालवत होत्या, तुमचा पदर घसरला— आणि तुम्ही असा, एका झटक्यात, त्याच हाताने डोक्यावरून टाकला! माशी उडवावी इतका सहज. हात पार कानाच्या मागे गेला. आणि मग अक्का वळल्या तशी तुम्ही तो हात मांडीवर ठेवलात, झोपलेलं बाळ ठेवतात तसा. अक्कांनी जवळ येऊन हात उचलला तर खांद्याच्या रेषेला आल्याबरोबर ‘आआ!’ डोळे मिटून, दात ओठावर. काय सुंदर केलंत तुम्ही! आमच्या स्नेहसंमेलनात असं कोणाला जमत नाही.

आणि तसंही काठीतून कळतंच. अक्कांना माणसं पुरत नाहीत म्हणून त्यांनी आपली जोडी लावून दिली. एका काठीचं एक टोक तुमच्याकडे, एक माझ्याकडे, तुम्ही ढकला, मी मागे येईन, मग मी ढकलते, तुम्ही या. जात्यासारखं. तुमचा खांदाही सुटतो, माझं कोपरही सुटतं, आणि अक्कांना मधल्या वेळात दोन पेशंट बघता येतात. पण ज्याच्या हातात काठीचं दुसरं टोक असतं त्याच्यापासून काय लपणार? पहिल्या आठवड्यात तुमचं टोक थरथरायचं. आता थरथरत नाही. आता तुम्ही जोर धरून ठेवता, मुद्दाम कमी देता, मला ते कळतं. आणि तुम्हाला माझं कळतं. कळतं नं? परवा तुम्ही काठी धरून माझ्याकडे बघितलंत आणि भुवया उडवल्यात, तेव्हाच मी समजले की हे तुम्हालाही—

हो. माझंही बरं झालंय. झालं, बोलले एकदाचं.

आईला सांगायचं नाही. तुम्ही कशाला सांगताय म्हणा. आई इलेक्ट्रॉनिक सिटीला जाते, हे इकडचं टोक, ते तिकडचं, मधे सगळं बेंगळुरू आडवं पडलंय. सकाळी मी डबा भरते तेव्हा ती एका कानात मीटिंग घालून चपात्या लाटत असते, आणि संध्याकाळी येते तेव्हा तिला बोलायचं त्राण नसतं. बाबा नागपूरलाच, ते फोनवर असतात. ‘मग, काय म्हणतंय बेंगळुरू?’ असं रोज विचारतात, आणि मी म्हणते, मस्त. बेंगळुरू मला काहीच म्हणत नाही, पण तसं कसं सांगणार. तर— शाळेत दोन वेण्या लागतात आम्हाला, रिबिनी लावून. कोपर मोडल्यावर मला हात मागे नेता येईना, म्हणून आई घालायला लागली. सकाळी कुकरची शिट्टी होईपर्यंत ती माझ्यामागे बसते, फोन बाजूला ठेवते— दोन्ही हात वेण्यात गुंतल्यावर ठेवावाच लागतो— आणि मग तिचं ती काहीतरी बोलते. लहानपणी तिच्या शाळेत एक हयवदन नावाचा मुलगा होता, तो वेण्या ओढायचा. तिच्या ऑफिसातली कोणीतरी बाई डब्यातलं लोणचं पळवते. असलंच काहीतरी. काही महत्त्वाचं नाही. पण ते सगळं ती मलाच सांगत असते. केस ओढते कधी कधी, दुखतं. दुखू दे. आता कोपर सरळ झालं असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ती कंगवा माझ्या हातात देईल आणि म्हणेल, ‘चला, सुटलो बाई एकदाचे!’ रागाने नाही हो, आनंदानेच म्हणेल. म्हणून मी घरी कोपर वाकडं धरते. इथेही धरते. अक्का मोजतात तेव्हा थोडं राखून ठेवते.

तुमचं कारण मला माहीत नाही. मी आपलं मनाशी लावते. तुमचा मुलगा अक्कांना सांगत होता, घर सोडून निघालात तेव्हा गाडीतून पडलात, आणि मग हात नुसता कापडात बांधून सगळा प्रवास केलात, बघायला डॉक्टरच नव्हता कुठे. मी वर्गातल्या नकाशात तुमचं सुदान बघितलं, केवढं मोठं आहे! नदी पण आहे मधून. त्यातून तुम्ही इथे आलात, ह्या गल्लीत, लिंबू सरबताच्या गाडीवरच्या पहिल्या मजल्यावर. आणि जिथे राहता तिथे मुलगा दिवसभर बाहेर. मग तुम्ही काय करता दिवसभर? कोणाशी बोलता? इथे निदान गंगव्वा दारातच विचारते, ‘अव्वा, ऊटा आयता?’ जेवलात का म्हणून. ती सगळ्यांनाच विचारते, झाडूवाल्याला, पोस्टमनला, तिची सवयच आहे. पण तुम्ही मान डोलावता आणि तुमचा चेहरा असा होतो— मला नाही सांगता येत. म्हणजे कोणीतरी घरातलं माणूस येताना दिसावं तसा. मग चहा. मग अक्का तुमचा हात दोन्ही हातांत घेतात. जाताना म्हणतात, ‘नाळे बन्नी.’ उद्या या. मला वाटतं आपण दोघी त्याच्यासाठीच येतो. उद्या या असं इथे मला दुसरं कोणीही म्हणत नाही. शाळेत म्हणत नाहीत, तिथे यावंच लागतं.

ती संस्थेवाली बाई आठवते? गळ्यात ओळखपत्र, हातात तक्ता, त्यावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. इथल्या सेवेबद्दल समाधानी आहात का, बोट ठेवा. तुम्ही सगळ्यात मोठ्या हसऱ्यावर बोट ठेवलंत, आणि मग गंगव्वाच्या किटलीकडे दाखवून चिमटीने खूण केलीत— साखर थोडी जास्त घाला! गंगव्वा केवढी फुगली होती! दिवसभर म्हणत होती, साखर काय कमी आहे? मग त्या बाईंनी विचारलं, हात किती सुधारला? तर तुम्ही पार रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलंत. बाई गोंधळल्याच. एवढ्या खूश, आणि फरक काहीच नाही? त्यांनी तक्ता उलटा करून बघितला, चुकून उलटा धरला की काय. मला आत इतकं हसू फुटत होतं, आणि बाहेर काही येईना. मला वाटलं, विचारतील मला, मी सांगेन. पण त्या फक्त तुमच्यासारख्या लांबून आलेल्यांनाच विचारत होत्या. नागपूर लांबमध्ये मोजत नाहीत.

पण मावशी, अक्कांनी तो रडका चेहरा मनाला लावून घेतला. तेच तर मी सांगतेय. तुम्हाला वाटतंय हा आपला खेळ चाललाय आणि कोणाचं काही जात नाही. मलाही तसंच वाटायचं. आणि आता सोमवार! तुम्हाला गाडीत बसवतील, एका मोठ्या इमारतीत नेतील, तिथे कोणी अव्वा म्हणणार नाही. हिरव्या कपड्यातली माणसं. मुलगा सही करेल, कारण अक्कांनी सांगितलंय म्हटल्यावर तो करेलच, त्याला काय माहीत तुमचं गुपित! आणि तुम्ही नेहमीसारख्या हसून मान डोलवाल. सुई टोचेपर्यंत तुम्हाला कळणारही नाही कशासाठी. चांगला हात, आणि तो झोपेत धरून कोणीतरी—

मी अक्कांना सांगू शकते. हो, शकते नं. उठायचं, पडदा बाजूला करायचा, आणि म्हणायचं, अक्का, अव्वाचा हात बरा आहे. एवढंच. चार शब्द. पण मला येत नाही ते. तुम्हाला वाटेल, ही पोरगी इथे धबधब्यासारखी बोलते आणि म्हणते येत नाही. पण तुमच्याशी बोलणं वेगळं. तुम्हाला सांगते, कोपर कसं मोडलं ते कोणालाच धड सांगितलेलं नाही मी. जिन्यावरून घसरले असं सांगितलं, आणि घसरलेच, खोटं नाही. पण घसरल्यावर मी किती वेळ तिथे बसले होते ते नाही सांगितलं. मधली सुट्टी संपली होती, मुली शेजारून वर जात होत्या, घोळक्याने, मी भिंतीला टेकून, हात पोटाशी. मला ओरडायचं होतं. पण मला कळेना कशात ओरडू. ‘आई गं’ म्हटलं तर त्यांना काय कळणार? ‘अम्मा’ म्हणू? ते मी कधी म्हटलंच नाही, तोंडातून खोटं वाटलं असतं. इंग्रजीत तर मला दुखत पण नाही. मी विचारच करत राहिले, आणि जिना रिकामा झाला. शेवटी पीटीचे सर खाली आले त्यांना दिसले. आईला मी म्हणाले, लगेच आले सर. लगेच.

तर असं आहे. मला नाही येत हाक मारता. आणि अक्कांना सांगितलं तर तुम्हाला वाटेल, हिने चुगली केली. तुम्ही माझं कोणाला सांगितलं नाहीत.

म्हणून तुम्हीच वर करा. तुम्ही स्वतः. अक्का आल्या की असा, वर. बघा माझ्याकडे. हात. हा, हा हात. वर. कानाच्या वर. मग अक्का टाळ्या वाजवतील. नाही नाही, टाळ्या आत्ता नका वाजवू! तुम्हाला खेळ वाटतोय. अहो, हॉस्पिटल. हॉस्पिटल तर कळतं? सुई. डोळे मिटून— असं— झोप— आणि डॉक्टर— करकर— नाही, मला झोप आली नाहीये! शेक गार झालाय असं पण नाही म्हणत मी. देवा. मावशी, माझं ऐका, तुम्ही मला पोरकट समजताय, गालाला हात लावताय, छान वाटतंय मला, पण हे गालाला हात लावायचं काम नाहीये.

तो फोन ठेवला. ऐकलंत? ठेवला त्यांनी. आता येतील.

काठी घ्या. तुमचं टोक घ्या. हे माझं. असं नको, समोरासमोर नको, शेजारी उभ्या राहा, माझ्यासारख्या. आज ढकलायचं नाही. आज वर न्यायचं. माझ्या हाताकडे बघा. बघा नं— हे माझं कोपर. वाकडं होतं नं रोज? हे बघा, सरळ केलं. पूर्ण. काही राखून नाही ठेवलं. आता अक्का आल्या तरी असंच ठेवणार आहे मी, माझी वेणी गेली तर गेली, उद्यापासून मीच घालेन, वाकडी तर वाकडी. कळलं का? मी माझं सोडलं. आता तुम्ही.

तुम्ही घाबरलात. हात घट्ट झाला तुमचा, मला ह्या टोकाला कळतंय. म्हणजे तुम्हाला काहीतरी कळलं. मला माहीत आहे मावशी, वर गेला की संपलं. मग त्या सोमवारी नाही पाठवणार, पण उद्या या असंही नाही म्हणणार. नाही म्हणणार त्या, मी काय करू? मग मी शाळेतून घरी जाईन आणि तुम्ही तुमच्या खोलीत असाल, कुठे आहे ती खोली मला माहीतही नाही, आणि विचारू कसं, तुम्ही सांगाल कसं. तुम्ही सोडू शकता काठी. सोडली तर मी काही म्हणणार नाही. मी माझं टोक वर नेतेय. हळूच नेतेय.

सोडलं नाहीत.

हां. खांद्यापर्यंत आलो. इथे रोज तुम्ही ‘आआ’ म्हणता. आज म्हणू नका. चला. माझ्याकडेच बघा, पडद्याकडे नको, पडदा हलला तरी हलू दे, आल्या असतील, येऊ दे त्यांना. अजून थोडं. पदर घसरला, घसरू द्या, मी देते नंतर उचलून. नाही— तुम्हीच टाकाल. तुम्हाला येतो टाकता. अजून. माझं टोक तुमच्यापेक्षा खाली राहिलं बघा! केवढ्या उंच आहात तुम्ही! मला टाचा उचलाव्या लागतायत. आता पार वर, दोन्ही हात, कानाच्या मागे— बघा, बघा तुमचा हात कुठे आहे— रडता कशाला, दुखतंय का? दुखत नाहीये नं? मला माहीत आहे दुखत नाहीये, मलाही दुखत नाही, तरी बघा माझे डोळे— हात खाली नका घेऊ, अक्का बघतायत—

अं? नाही, अक्का.

नाही... काही म्हणत नव्हते.

कोणाशी नाही, अक्का.